ठिणगी कोठे हरवली?

मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्यास जाणारा महामार्ग दुर्ग शहर मागे टाकून रायपूरच्या दिशेने निघाला की भिलाईत शिरतो आणि सुपेल्याच्या बाजारपेठेलगत पुढे जातो. स्थानिक लोक त्याला जी. ई. रोड म्हणतात, ग्रेट ईस्टर्न रोड या जुन्या नावाचे ते संक्षिप्त रूप होय. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून या रस्त्यावरची वाहतूक वाढतच गेली. जेथे इतकी वाहने, तेथे अडलेली वाहनेही असणारच.

श्रावणातील एक सकाळ डोळ्यांसमोर आणावी. रात्रभर पाऊस पडून गेला आहे. नागपूरकडे जाणारी आगगाडी दुर्ग स्थानकावर गाठावयाची म्हणून एक कुटुंब भाड्याच्या जुन्या अँबॅसडर मोटारीतून निघाले आहे. चहासाठी मोटार सुपेल्याला थांबली, ती पुन्हा सुरू होईना. चालक किल्ली फिरवितो; सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवितो; इंजिन फिरते, परंतु पेट घेत नाही. पाच मिनिटांत भोवती चार माणसे जमतात. एक म्हणतो, कॉइल गेली. दुसरा म्हणतो, चारही प्लग बदला. तिसऱ्याच्या मते कंडेन्सर हेच सर्व दुखण्याचे मूळ. चौथा आभाळाकडे बोट दाखवून सांगतो की पाणी शिरले आहे, ऊन पडेपर्यंत थांबणे बरे.

यांपैकी एकाचेही म्हणणे अशक्य कोटीतील नाही, आणि खरी अडचण हीच आहे. अनेक कारणे सारखीच संभवनीय असतात तेव्हा खरे कारण अंदाजाने हाती लागत नाही. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग विकत घेणाऱ्या चालकाची दिवसाची कमाई दुकानातच संपते, आणि आगगाडी तर केव्हाच निघून गेलेली असते. या प्रकरणात अशा प्रसंगी दोष शोधून काढण्याची रीत सांगितली आहे. तिच्यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. ठिणगी कोणत्या वाटेने प्रवास करते याची माहिती, बारा व्होल्टचा एक दिवा, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारण्याचा संयम एवढे पुरेसे आहे.

ठिणगीचा प्रवास

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पडणारा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी विजेची ठिणगी. यांतील एकही गोष्ट नसेल तर इंजिन फिरेल, पण चालणार नाही. डिझेल इंजिनात मात्र ठिणगीला स्थानच नाही. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणूनच महामार्गावरून धावणाऱ्या डिझेल ट्रकांना ठिणगीचा प्लग नसतो, आणि येथे सांगितलेल्या तपासण्या त्यांना लागू पडत नाहीत.

ठिणगी पाडावयाची म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधील सुमारे ०.६ मिलिमीटरची फट विजेला ओलांडावयास लावावयाची. फट लहान दिसते. परंतु त्या जागी दाबलेले वायू असतात आणि दाब वाढला की फट ओलांडणे विजेला अधिक कठीण जाते. त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. मोटारीतील बॅटरी मात्र अवघी बारा व्होल्टची. बारांचे पंधरा-वीस हजार कसे होतात, हे समजले की निम्मे काम झाले.

याचे मूळ मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली लावलेल्या शोधात आहे. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या वेटोळ्यात विजेचा दाब उत्पन्न होतो, आणि बदल जितका जलद तितका हा दाब मोठा, असे त्यांना आढळले. मोटारीच्या कॉइलमध्ये एका लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. पहिले जाड तारेचे, काही शे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, कित्येक हजार फेऱ्यांचे. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभ्यात चुंबकत्व साठते. तो प्रवाह अकस्मात तोडला की चुंबकत्व क्षणात कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. घरात पाण्याचा जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की भिंतीतील नळीला धक्का बसतो. वाहते पाणी अडविल्याने तो धक्का उत्पन्न होतो. कॉइलमधील प्रकार काहीसा असाच आहे. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की ठिणगी प्रवाह सुरू केल्याने पडत नाही, तो तोडल्याने पडते.

प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट करतात. इंजिनाकडून फिरणारा एक दांडा त्यांना उघडतो, एक स्प्रिंग त्यांना मिटविते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि प्रवाह स्वच्छ तुटावा, यासाठी त्यांना कंडेन्सर जोडलेला असतो. कॉइलमध्ये निर्माण झालेला उच्च दाब मधल्या जाड तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात येतो. तेथे फिरणारा रोटर तो पाळीपाळीने चार तारांना वाटून देतो, आणि त्या चार तारा चार प्लगांकडे जातात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर या यंत्रणेला सेकंदास शंभर ठिणग्या पुरवाव्या लागतात.

अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी ही पद्धत सिद्ध केली आणि १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम बसविण्यात आली. त्यापूर्वी १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला होता. परंतु मोटारींमध्ये हळूहळू केटरिंग यांचीच पद्धत रूढ झाली. उत्तरपाऱ्याची अँबॅसडर असो वा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट आणि पद्मिनी असो, भारतातील मोटारी कित्येक दशके याच पद्धतीवर चालल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. तरीही अशा मोटारी जपून ठेवणारे आणि चालविणारे लोक आहेत. आणि नवीन मोटारींत भाग बदलले असले तरी ठिणगीच्या प्रवासाचे तत्त्व बदललेले नाही.

आधी विचारावयाचे प्रश्न

बोनेट उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: इंजिन फिरते, पण नेहमीच्या वेगाने फिरते काय? सेल्फ हा बॅटरीचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. तो शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढू शकतो. बॅटरी दुबळी असेल तर सेल्फ चालू असताना तिचा दाब बाराऐवजी आठ-नऊ व्होल्टवर येतो आणि कॉइलला पुरेसे चुंबकत्व साठविता येत नाही. इंजिन रखडत फिरत असेल किंवा किल्ली फिरविताच समोरचे दिवे पार मंदावत असतील, तर ठिणगीचा शोध बाजूस ठेवून प्रथम बॅटरी व तिच्या खुंट्यांवरील जोड पाहावेत. खुंट्यांवर साठलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराने अनेकांना विनाकारण कॉइल बदलावयास लावली आहे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये आणि मध्ये त्यास विश्रांती द्यावी. पुनःपुन्हा सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते आणि न जळलेल्या पेट्रोलने प्लग ओले होतात. अशा वेळी मूळ दोष सापडला तरी इंजिन सुरू होत नाही आणि शोध घेणारा चुकीच्या निष्कर्षाला येतो.

दुसरा प्रश्न: ठिणगी खरोखरच पडत नाही काय? पेट्रोल न मिळाल्यानेही इंजिन असेच वागते. याचे उत्तर तर्काने न शोधता डोळ्यांनी पाहावे. मोटार न्यूट्रलमध्ये घालून हातब्रेक ओढावा. एका प्लगवरची तार काढावी, ती जवळच्या सुट्या प्लगला जोडावी आणि त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूला नीट टेकेल असे ठेवावे. दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. प्लगच्या टोकाशी निळसर, टणत्कार करणारी ठिणगी दिसली तर यंत्रणा ठीक आहे. पिवळट आणि क्षीण ठिणगी अर्धवट दोषाची खूण होय. उन्हात ठिणगी दिसत नाही. म्हणून हाताने किंवा टोपीने सावली करावी.

या तपासणीत निष्काळजीपणा घातक ठरू शकतो. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कोठे गळती असेल तर ठिणगी पाडून पाहू नये. आधी गळती थांबवावी आणि वाफ निघून जाऊ द्यावी. प्लग कार्बुरेटरपासून आणि उघड्या प्लगछिद्रापासून दूर ठेवावा. तार हाताने न धरता रोधक मुठीच्या पक्कडीने धरावी. जुन्या मोटारीतील झटक्याने माणूस सहसा दगावत नाही, परंतु दचकून मागे घेतलेला हात फिरत्या पंख्यात जाऊ शकतो. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी या कामापासून दूरच राहावे.

एका तारेला ठिणगी मिळाली नाही तर दुसरीही पाहावी. एकाच सिलिंडरची ठिणगी हरवली असेल तर दोष त्याच्या तारेत, प्लगमध्ये किंवा झाकणातील त्याच्या जागेत आहे; पण मग इंजिन अडखळत का होईना, सुरू झाले असते. चारही तारांना ठिणगी नसेल तर चारही प्लग एकाच क्षणी निकामी झाले, असे मानण्यास आधार नाही. चौघांना मिळून जो भाग सामाईक आहे, तेथेच दोष असला पाहिजे. सुपेल्याच्या आपल्या उदाहरणात दुसऱ्या सल्लागाराचे मत या एका विचाराने बाद होते, आणि चार प्लगांचे पैसे वाचतात.

वाटेच्या मध्यावर

आता बॅटरीपासून प्लगपर्यंतच्या वाटेवर किती ठिकाणे आहेत ते मोजावे. किल्ली, फ्यूज, तारा, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, मधली जाड तार, झाकण, रोटर, प्लगच्या तारा. एका टोकापासून आरंभ केला तर दहा तपासण्या कराव्या लागतील. मध्यावर तपासले तर एकाच उत्तराने अर्धी ठिकाणे निर्दोष ठरतात. खेड्यातील पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले नाही तर अनुभवी पाटकरी विहिरीपासून चालत येत नाही. तो पाटाच्या मध्यावर जाऊन पाणी आहे की नाही ते पाहतो. आपल्या वाटेचा मध्य म्हणजे कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात जाणारी मधली जाड तार.

ही तार झाकणातून उपसावी, पक्कडीने धरावी आणि तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून सुमारे सहा मिलिमीटरवर ठेवावे. सेल्फ मारला असता तेथे दमदार ठिणगी पडू लागली, तर बॅटरीपासून कॉइलपर्यंतचे सर्व भाग, पॉइंट आणि कंडेन्सरसुद्धा, आपापले काम करीत आहेत. दोष पलीकडे, म्हणजे झाकण व रोटर यांच्यात आहे. ठिणगी पडली नाही तर दोष अलीकडे आहे, आणि झाकण पुसत बसण्यात अर्थ नाही.

पलीकडचा अर्धा भाग

पावसाळ्यात पलीकडच्या भागातील दोष अधिक आढळतात. झाकणाच्या आतील भिंतीवर दव धरते, आणि उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी त्या ओलसर पृष्ठभागावरून धातूकडे निसटते. कोरड्या फडक्याने झाकण आतून-बाहेरून पुसल्यावर इंजिन सुरू झाले तर निदान पक्के झाले. तसे झाले नाही तर झाकण उजेडात धरून केसासारखी चीर किंवा शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते काय ते पाहावे. वीज एकदा अशा वाटेने गेली की तेथे कोळशाचा माग उमटतो आणि पुढे कोरड्या दिवसांतही ती तीच वाट धरते. अशा झाकणाला बदलण्यावाचून उपाय नाही.

झाकणाच्या मध्यभागी कोळशाची लहान कांडी असते. ती झिजून किंवा तुटून पडलेली असू शकते. रोटरचा दोष अधिक फसवा असतो. वरून तो धडधाकट दिसतो, परंतु त्याच्या रोधक अंगाला सूक्ष्म छिद्र पडून वीज खालच्या दांड्यात उतरत असते. झाकण बाजूस करून मधल्या तारेचे टोक रोटरच्या धातूच्या पट्टीपासून थोड्या अंतरावर धरावे आणि सेल्फ मारावा. तेथे सतत ठिणगी उडी घेत असेल तर विजेला रोटरमधून धातूत उतरावयास वाट मिळाली आहे, हे निश्चित. झाकण काढलेले असतानाच रोटर फिरतो की नाही हेही पाहून घ्यावे. इंजिन फिरत असून रोटर स्थिर राहिला तर डिस्ट्रिब्यूटरला फिरविणारा आतला भाग तुटला आहे. मग हे काम रस्त्याच्या कडेला होणारे नव्हे.

अलीकडचा अर्धा भाग

अलीकडच्या भागात दाब बारा व्होल्टचाच असतो आणि तपासणीला साधा दिवा पुरतो. बारा व्होल्टचा लहान बल्ब, त्याला दोन तारा आणि एका तारेला चिमटा, असा हा टेस्ट लॅम्प कोणताही मिस्त्री जुन्या दिव्यातून तयार करून घेतो. चिमटा मोटारीच्या उघड्या धातूला, म्हणजेच अर्थला, लावावा. दुसरे टोक जेथे टेकवू तेथे वीज असेल तर दिवा लागेल.

कॉइलला दोन लहान खुंट्या असतात. एकीत किल्लीकडून वीज येते. दुसरीतून ती पॉइंटकडे जाते. किल्ली चालू करून पहिल्या खुंटीला दिवा लावावा. दिवा लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच पोहोचत नाही. फ्यूज, किल्लीमागचे जोड आणि मधली तार पाहावी. काही मोटारींत सेल्फ मारताना कॉइलला वीज वेगळ्या तारेने मिळते. म्हणून सेल्फ चालू असतानाही हा दिवा लागलेला राहतो काय, ते आवर्जून पाहावे.

पहिल्या खुंटीवर वीज असेल तर दिवा दुसऱ्या खुंटीला लावून सेल्फ मारावा. येथे तीनच उत्तरे संभवतात, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे.

पहिले उत्तर: दिवा लुकलुकतो. पॉइंट उघडतात, मिटतात आणि प्रवाह जुळतो-तुटतो. अर्थात पॉइंट आपले काम करीत आहेत. तरीही मधल्या तारेला ठिणगी नसेल तर संशय कॉइलचे दुसरे वेटोळे, मधली जाड तार किंवा कंडेन्सर यांवर येतो. ओहममापक जवळ असल्यास अशा कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध सामान्यतः दीड ते तीन-चार ओहम, आणि दुसऱ्याचा काही हजार ओहम भरतो. नेमका आकडा त्या मोटारीच्या पुस्तिकेत पाहावा. कंडेन्सरची परीक्षा रस्त्यावर करणे कठीण असते. येथे मात्र जवळचा खात्रीचा कंडेन्सर तात्पुरता जोडून पाहणे योग्य ठरते. कारण आता संशयित दोन-तीनच उरले आहेत.

दुसरे उत्तर: दिवा सतत विझलेला राहतो. एक तर कॉइलचे पहिले वेटोळे तुटले आहे, किंवा दुसऱ्या खुंटीपलीकडे वीज कायमची धातूत उतरत आहे. हे दोन पर्याय वेगळे करण्यासाठी दुसऱ्या खुंटीवरून पॉइंटकडे जाणारी तार सोडवावी. दिवा आता लागला तर कॉइलचे वेटोळे अखंड असून दोष डिस्ट्रिब्यूटरकडे आहे: तारेचे आवरण खरचटून ती धातूला टेकली असेल, कंडेन्सर आतून जुळला असेल, किंवा पॉइंटची टाच झिजून ते उघडेनासे झाले असतील. तार सोडवूनही दिवा लागला नाही तर कॉइल बदलावी.

तिसरे उत्तर: दिवा सतत लागलेला राहतो. प्रवाहाला धातूपर्यंत वाटच मिळत नाही, म्हणजे पॉइंट जुळत नाहीत. ते जळून काळे पडले असतील, त्यांच्यात तेल किंवा धूळ असेल, फट बेसुमार वाढली असेल किंवा त्यांना जोडणारी तार तुटली असेल. बारीक कानसपट्टीने पॉइंट साफ करावेत आणि फट मोजपट्टीने पुस्तिकेतील मापाप्रमाणे ठेवावी. अँबॅसडरसारख्या मोटारीत ती सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते.

सुपेल्याच्या मोटारीचे काय झाले?

आता ही रीत आपल्या कल्पिलेल्या प्रसंगाला लावून पाहू. इंजिन जोमाने फिरत होते. म्हणून बॅटरीवरचा संशय गेला. चारही तारांना ठिणगी नव्हती. म्हणून प्लग सुटले. मधल्या तारेलाही ठिणगी नव्हती. म्हणून झाकणात पाणी शिरले असो वा नसो, इंजिन अडण्याचे कारण ते नव्हते, आणि ऊन पडण्याची वाट पाहून काही साधले नसते. कॉइलच्या पहिल्या खुंटीवर दिवा लागला. दुसऱ्या खुंटीवरही लागला, आणि सेल्फ मारताना तो लुकलुकला नाही. सतत जळत राहिला. पहिले वेटोळे तुटले असते तर दिवा येथे लागला नसता, आणि कंडेन्सर आतून जुळला असता तर तो विझला असता.

तिसरे उत्तर मिळाले. पण पॉइंट स्वच्छ होते, आणि डोळ्यांदेखत उघडत-मिटत होते. मग एकच प्रश्न उरला. पॉइंट उघडे असताना दिव्याचे टोक त्यांच्या हलत्या पट्टीला लावले. दिवा लागला नाही. खुंटीवर वीज आहे, पट्टीवर नाही. या दोहोंच्या मध्ये डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात बोटभर लांबीची एक लवचीक तार असते. ज्या तबकडीवर पॉइंट बसविलेले असतात ती इंजिनावरील भार बदलेल तशी थोडी पुढेमागे सरकते, आणि तिच्याबरोबर ही तारही प्रत्येक वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिचे आतले तांबे तुटले होते. वरचे आवरण शाबूत असल्यामुळे तार पाहणाऱ्याला ती धडधाकट भासत होती. ओढून पाहिली तेव्हा ती रबरासारखी ताणली गेली.

लवचीक तारेचा एक तुकडा तेथे बसविला की अशी मोटार सुरू होते. चार जाणत्यांनी चार कारणे सांगितली आणि खरे कारण पाचवेच निघाले. ते चौघे अज्ञानी नव्हते. प्रत्येकाने पूर्वी केव्हातरी पाहिलेला दोष या मोटारीवर चिकटविला, इतकेच. अनुभवाने संशयितांची यादी मिळते. निवाडा मात्र तपासणीनेच करावा लागतो.

पॉइंट नसलेल्या मोटारी

पॉइंट झिजतात, जळतात, त्यांची फट बदलते. या कटकटीमुळे पुढे त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करू लागला, आणि तो केव्हा तोडावयाचा हे चुंबकीय संवेदक सांगू लागला. पुढे डिस्ट्रिब्यूटरही गेला. अनेक मोटारींत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि सर्व आज्ञा लहानशा संगणकाकडून येतात.

येथेही जुनाच तर्क चालतो. प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल असताना चारही ठिणग्या एकदम हरवल्या तर चार कॉइली एकाच वेळी गेल्या, असे मानू नये. सामाईक भाग शोधावा: कॉइलींचा फ्यूज व रिले, संगणकाला मिळणारी वीज, त्यांचा अर्थ, आणि मुख्य म्हणजे क्रँकदांड्याच्या फिरण्याची वार्ता देणारा संवेदक. ही वार्ता न मिळाल्यास संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही. तो ठिणगी देत नाही आणि बहुधा पेट्रोलही फवारीत नाही. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम हरवली तर पहिला संशय या संवेदकावर आणि त्याच्या तारेवर घ्यावा. फेरे दाखविणारा काटा सेल्फ मारताना जागचा हलत नसेल तर हा संशय बळावतो. किल्लीची ओळख न पटल्यानेही काही मोटारी अडून राहतात. समोरच्या फलकावरील किल्लीच्या खुणेचा दिवा त्याची सूचना देतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारांनीही असे दोष उद्भवतात, म्हणून तारांच्या जुड्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

जुन्या रीतीतील एक गोष्ट मात्र येथे वर्ज्य समजावी. तार उपसून मोकळ्या हवेत ठिणगी पाडण्याचा प्रयोग नवीन मोटारींवर करू नये. त्यांच्या कॉइली अधिक प्रबळ असतात, झटका अधिक धोक्याचा असतो, आणि ठिणगीला धातूपर्यंत वाट न मिळाल्यास कॉइल किंवा तिला चालविणारा इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतो. त्यासाठी अर्थला जोडावयाचा ठिणगीपरीक्षक वापरावा. संगणकातील दोषांची नोंद वाचणारे यंत्रही आता अनेक मिस्त्रींकडे असते. परंतु ते यंत्र संशयाची दिशा दाखविते, निकाल देत नाही. संवेदकाचा दोष नोंदलेला असेल तर संवेदक बिघडला असेल, किंवा त्याची तार तुटली असेल, किंवा जोड सैल झाला असेल. पुन्हा तोच प्रश्न येतो: वीज येथपर्यंत पोहोचली, मग पुढे का नाही?

मोटारीचा मालक स्वतः हे काम करो वा न करो, ही रीत माहीत असणे त्याच्या उपयोगाचे आहे. मिस्त्रीने एखादा भाग बदलावयास सांगितला तर मालकाने शांतपणे विचारावे की हा भाग बिघडला आहे, हे कोणत्या तपासणीवरून ठरले? चांगला मिस्त्री या प्रश्नाने दुखावला जात नाही; तो दिवा लावून दाखवितो. ज्याच्याजवळ उत्तर नाही तो दुसरा भाग बदलावयास सांगतो. खिशातील पैसे आणि हातातील वेळ, दोन्ही वाचवावयाची असतील तर नवा भाग दुकानातून आणण्यापूर्वी जुना भाग दोषी ठरला पाहिजे.